विश्लेषण : मुलाच्या हाती पहिली रायफल कोणती द्यावी?

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक जिंकले. खाशाबा जाधव यांच्यानंतर तब्बल ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूने वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळवले. राधानगरी तालुक्यातील गावातला मुलगा तिथवर पोहोचतो, तर आपला का नाही, हा प्रश्न त्यानंतर गावोगावच्या पालकांना पडू लागला. पण गुहागर तालुक्यातील वेळणेश्वरसारख्या किनाऱ्यावरच्या गावात मुलाने ‘मला नेमबाजी शिकायची आहे’ म्हटले, की पहिली अडचण तिथेच सुरू होते. रायफल कोणती घ्यायची? परवाना लागतो का? कोणत्या वयात द्यायची? आणि मुळात ती घ्यायचीच का?

नेमबाजी गावापर्यंत कशी पोहोचली?

पॅरिसमध्ये भारताला मिळालेल्या सहा पदकांपैकी तीन नेमबाजीतील होती. त्यातही महाराष्ट्राची रायफल परंपरा जुनी आहे. एनसीसीतून या खेळाकडे वळलेल्या अंजली भागवत २००० च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये १० मीटर एअर रायफलच्या अंतिम फेरीपर्यंत गेल्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर रायफल प्रोनमध्ये जगज्जेत्या ठरल्या. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोला १० मीटर एअर रायफलचा विश्वविजेता झाला, तेव्हा तो १८ वर्षांचा होता.

रत्नागिरी जिल्ह्याचा या खेळाशी असलेला धागा मात्र फारसा कोणाच्या लक्षात नसतो. भारतीय राष्ट्रीय रायफल संघटनेची स्थापना १९५१ मध्ये झाली. तिचे संस्थापक अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर. त्यांचे घराणे मूळचे संगमेश्वरजवळच्या मावळंग्याचे, आणि त्यांचे सुरुवातीचे शिक्षण राजापूरला झाले. राष्ट्रीय स्पर्धेच्या आधीची पायरी मानली जाणारी अखिल भारतीय नेमबाजी स्पर्धा आजही मावळंकरांच्या नावाने ओळखली जाते. म्हणजे या खेळाचे देशातील घर ज्यांनी उभे केले, त्यांचे मूळ गाव याच जिल्ह्यातले.

गावातली बंदूक आणि खेळातली रायफल यांत फरक काय?

कोकणाला बंदूक नवी नाही. रानडुकरे आणि माकडे भात, नारळ, केळी, आंबा यांची नासाडी करतात, म्हणून अनेक घरांत शेतीसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक असते. शस्त्र कायदा, १९५९ मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची खास तरतूद आहे. ही बंदूक वर्षभर खुंटीवर किंवा कपाटात, आणि निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा, हे चित्र कोकणाला पाठ आहे.

दुसरी ओळखीची बंदूक म्हणजे जत्रेतली. महाशिवरात्रीला वेळणेश्वरच्या मंदिराभोवती भरते तशा यात्रांमध्ये फुगे फोडण्याचा स्टॉल मुलांचा आवडता असतो. तिथली छऱ्याची बंदूक हजारो हातांतून गेलेली, नळी थोडी वाकलेली, मागची-पुढची खूण हललेली असते. तिच्याने फुगा फुटला तर तो नेम की योगायोग, हे सांगता येत नाही.

खेळातली रायफल या दोन्हींपेक्षा वेगळी आहे. तिचे काम मारणे नाही. तेच काम पुन्हा पुन्हा, अगदी तसेच करता येणे हे आहे. १० मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो. छर्रा साडेचार मिलिमीटरचा, म्हणजे छऱ्याचे भोक ठिपक्याच्या नऊ पट रुंद. पात्रता फेरीत असे ६० नेम साधावे लागतात. मुलाला पहिली रायफल देताना हा फरक लक्षात ठेवला, तर निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

कायदा काय सांगतो?

पालकांचा सर्वांत मोठा गोंधळ इथे असतो. शस्त्र नियम, २०१६ नुसार ज्या एअर रायफलची नळी ४.५ मिलिमीटरपेक्षा (०.१७७ इंच) मोठी नाही आणि जिच्या छऱ्याची नळीच्या तोंडाशी ऊर्जा २० ज्यूलपेक्षा जास्त नाही, तिला परवाना लागत नाही. दोन्ही अटी एकाच वेळी पाळल्या गेल्या पाहिजेत. नळी ५.५ मिलिमीटरची असेल किंवा ऊर्जा २० ज्यूलच्या वर असेल, तर ती परवान्याच्या कक्षेत येते. दुकानदार ‘काही होत नाही’ म्हणाला तरी कायदा तसे म्हणत नाही. म्हणून खरेदी अधिकृत विक्रेत्याकडूनच करावी आणि पावती, रायफलचा क्रमांक व उत्पादकाने दिलेली माहिती जपून ठेवावी.

दारूगोळ्यावर चालणाऱ्या बंदुकींची गोष्ट वेगळी. त्यांचा परवाना २१ वर्षांखालील व्यक्तीला मिळत नाही. मात्र नेमबाजीच्या प्रशिक्षणासाठी कायद्याने वाट ठेवली आहे. वयाची १२ वर्षे पूर्ण केलेल्यांना ‘कनिष्ठ नेमबाज’ म्हणून देखरेखीखाली सराव करता येतो. एअर रायफलसाठीही हाच बाराचा आकडा पालकांनी धरून चालणे शहाणपणाचे. नेमबाजीची मोठी क्लब संस्कृती असलेल्या जर्मनीतही एअर रायफलसाठी १२ आणि लहान व्यासाच्या काडतुसी रायफलसाठी १४ वर्षे हीच सर्वसाधारण मर्यादा आहे. त्याआधीच्या मुलांना तिथे अनेक क्लबांमध्ये प्रकाशकिरणावर चालणाऱ्या रायफली देतात. त्यांतून काहीच उडत नाही, पण उभे राहणे, श्वास धरणे आणि चाप दाबणे हे सगळे शिकता येते.

परवाना लागत नाही याचा अर्थ ती कुठेही आणि कशावरही चालवता येते, असा नाही. वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ पक्ष्यांनाही संरक्षण देतो. बेचकीऐवजी एअरगन हाती आली की बागेतले बुलबुल, पोपट, होले हेच ‘टार्गेट’ होतात, हा अनुभव नवा नाही. अरुणाचल प्रदेशात हा प्रश्न इतका गंभीर झाला, की तिथल्या सरकारला मार्च २०२१ मध्ये ‘एअरगन सरेंडर अभियान’ सुरू करून लोकांना घरातल्या एअरगन स्वतःहून जमा करण्याचे आवाहन करावे लागले. मुलाच्या हातात रायफल देताना पहिला नियम हाच हवा : कागदाशिवाय कशावरही नेम धरायचा नाही.

‘जास्त पॉवरफुल’ म्हणजे जास्त चांगली का?

बाजारात आणि ऑनलाइन जाहिरातींत एअर रायफल वेगावर विकली जाते. प्रत्यक्षात ऑलिम्पिकला वापरली जाणारी १० मीटर एअर रायफल जाहिरातीतल्या ‘पॉवरफुल’ बंदुकीपेक्षा कितीतरी सौम्य असते. तिची ऊर्जा साधारण साडेसात ज्यूल. अर्ध्या ग्रॅमच्या आसपास वजनाचा छर्रा तिच्यातून सेकंदाला सुमारे १७० मीटर वेगाने निघतो. तोच छर्रा २० ज्यूलच्या मर्यादेपर्यंत नेला तर वेग सेकंदाला सुमारे २७५ मीटर होईल. पण दहा मीटरवरच्या कागदाला या जादा वेगाचा काहीच उपयोग नाही.

उलट तोटा आहे. वेग वाढवायचा तर रायफलला जास्त जोराने छर्रा ढकलावा लागतो, आणि तो जोर परत नेमबाजाच्या खांद्याला, गालाला, हाताला जाणवतो. मूल त्या धक्क्याची आधीच धास्ती घेते आणि चाप दाबताना डोळा मिटते किंवा चाप झटकते. एकदा ही सवय लागली की ती मोडायला महिने जातात. पहिल्या रायफलसाठी वेगाचा आकडा जितका कमी बोलला जाईल तितके बरे.

स्प्रिंगची की भरलेल्या हवेची?

एअर रायफलचे ढोबळ तीन प्रकार पालकांना भेटतात.

पहिला, स्प्रिंगचा. नळी मोडून किंवा बाजूची दांडी ओढून आतली स्प्रिंग दाबायची. चाप दाबला की दट्ट्या पुढे धावतो, समोरची हवा दाबतो आणि छर्रा निघतो. ही रायफल स्वस्त, दणकट, विजेची किंवा टाकीची गरज नसलेली. पण दट्ट्या धावतो आणि आदळतो, त्यामुळे छर्रा नळीतून बाहेर पडण्याआधीच रायफल हलते. शिवाय स्प्रिंग दाबायला मोठी ताकद लागते. ती बारा वर्षांच्या मुलाकडे नसते, आणि अर्धवट ओढलेली नळी सुटून परत आली तर बोटे चेमटू शकतात. आणखी एक मर्यादा अशी की स्प्रिंगची रायफल छऱ्याशिवाय रिकामी उडवायची नसते, कारण दट्ट्याला अडवणारा हवेचा दाब तयार होत नाही आणि आतले भाग खराब होतात. शिकण्याचा मोठा भाग मात्र रिकाम्या सरावाचाच असतो.

दुसरा, एका दमाचा. बाजूची दांडी एकदा ओढून हवा दाबली जाते आणि एका छऱ्यात ती संपते. धक्का जवळजवळ नाही. जुन्या स्पर्धात्मक रायफलींमध्ये हा प्रकार मोठ्या प्रमाणात होता, आणि चांगल्या स्थितीतली जुनी रायफल मिळाली तर शिकण्यासाठी ती उत्तम. दांडी ओढण्याचे कष्ट मात्र प्रत्येक नेमाला असतात, म्हणून लहान मुलासाठी ते काम शेजारी उभ्या मोठ्या माणसाने करावे.

तिसरा, आधी भरलेल्या हवेचा. नळीखाली छोटी टाकी, तिच्यात साधारण २०० बार दाबाची हवा. चाप दाबला की ठरावीक हवा सुटते. धक्का नाही, ताकद नको, प्रत्येक छर्रा सारखा. आज जागतिक स्पर्धांत वाल्थर, फाइनवेर्कबाऊ, आनशुट्झ, स्टायर अशा युरोपीय कंपन्यांच्या याच प्रकारच्या रायफली दिसतात. अशा रायफलींत छर्रा न घालता चाप दाबण्याची सोयही असते. अडचण दोन गोष्टींची. हवा भरायला हातपंप किंवा मोठी टाकी लागते, आणि टाकीला आयुष्य असते. उत्पादक साधारण दहा वर्षांची मुदत देतात, आंतरराष्ट्रीय स्पर्धांत मुदत संपलेली टाकी वापरणे नियमाला धरून नसते. जुनी रायफल स्वस्तात मिळते तेव्हा तिच्या टाकीवरची तारीख आधी वाचावी. कित्येकदा तो ‘स्वस्त सौदा’ मुदत संपलेल्या टाकीचा असतो.

निष्कर्ष साधा आहे. परवडत असेल तर भरलेल्या हवेची, नसेल तर एका दमाची, आणि फक्त ओळख म्हणून, मोठ्यांच्या सोबतीने, स्प्रिंगची. देशांतर्गत स्पर्धांत ‘ओपन साइट’ हा उघड्या खुणांचा सोपा प्रकार असतो. त्यासाठी साध्या रायफलने सुरुवात करता येते. पुढचा प्रकार ‘पीप साइट’चा. त्यात मागच्या बारीक छिद्रातून पुढच्या गोल कड्यात लक्ष्य बसवायचे असते.

मुलाच्या अंगाला रायफल बसते का, हे कसे पाहायचे?

नेमबाजीतील अनेक दुखणी इथून सुरू होतात. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार एअर रायफलचे वजन साडेपाच किलोपर्यंत असू शकते. सत्तर किलोच्या माणसाला पाच किलोची रायफल म्हणजे वजनाचा चौदावा भाग. तीस किलोच्या मुलाला तीच रायफल म्हणजे सहावा भाग. उभ्याने नेमबाजी करताना शरीर मागे झुकते आणि रायफलचा भार कमरेवर आणि पाठीच्या कण्यावर येतो. वाढत्या वयात हा भार रोज तास-दोन तास घेणे धोक्याचे.

म्हणून पहिली रायफल साडेतीन ते चार किलोच्या आसपासची, दस्ता लहान-मोठा करता येणारी असावी. नामांकित कंपन्या मुलांसाठी आखूड दस्त्याच्या, हलक्या आवृत्त्या काढतात. दस्त्याची लांबी तपासायची सोपी पद्धत अशी : मुलाने कोपर काटकोनात वाकवून दस्ता कोपराच्या आतल्या बाजूला टेकवावा. बोटे सहज चापापर्यंत पोहोचली पाहिजेत. मान ताणावी लागत असेल, चेहरा पुढे ढकलावा लागत असेल किंवा डोळा छिद्रापासून दूर राहत असेल, तर ती रायफल मुलाची नाही.

पहिले काही महिने रायफल टेकूवर ठेवून शिकवणे यात कमीपणा नाही. वजन टेकू घेतो, मूल नेम आणि चाप शिकते. ताकद आली की टेकू निघतो. ‘पुढे वाढेल तेव्हा बसेल’ म्हणून शाळेचा गणवेश एक माप मोठा घेतात, तशी रायफल घ्यायची नसते.

उजवा हात की उजवा डोळा?

हा प्रश्न दुकानात कोणी विचारत नाही आणि नंतर सगळ्यात जास्त महागात पडतो. बहुतेकांचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा प्रभावी असतो, आणि तो हाताच्याच बाजूचा असेल असे नाही. तपासणी घरी करता येते. दोन्ही हात पुढे लांब करून अंगठे आणि बोटांनी छोटी खिडकी करावी, तिच्यातून दूरच्या एखाद्या वस्तूकडे, समजा नारळाच्या शेंड्याकडे, दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहावे. मग एकेक डोळा मिटावा. ज्या डोळ्याने वस्तू खिडकीतच राहते, तो प्रभावी.

उजव्या हाताच्या मुलाचा डावा डोळा प्रभावी निघाला, तर डाव्या खांद्याने शिकवावे की डावा डोळा झाकून उजव्याने, हे प्रशिक्षक ठरवेल. पण हे ठरण्याआधी उजव्या हाताच्या दस्त्याची महागडी रायफल घेतली, तर पैसे अडकले. शाळेत किंवा क्लबमध्ये सामायिक रायफल घ्यायची असेल, तर दोन्ही बाजूंनी वापरता येणारा दस्ता घ्यावा.

पॉइंट टू टू कधी?

कुसळेने पदक जिंकले तो प्रकार .२२ रायफलचा. म्हणून काही पालक थेट तिथूनच सुरुवात करायची म्हणतात. .२२ रायफलला परवाना, काडतुसांचा हिशेब, ५० मीटरची सुरक्षित रेंज आणि कानाचे संरक्षण हे सगळे लागते. ती घरच्या अंगणात शिकायची गोष्टच नाही. एअर रायफलवर नेम, श्वास आणि चाप पक्के झाल्यावर, क्लबच्या किंवा एनसीसीच्या रायफलवर, प्रशिक्षकाच्या समोर, हाच तिचा रस्ता. एनसीसीच्या छात्रांना .२२ रायफलवर नेमबाजीचे प्रशिक्षण मिळते, आणि त्यासाठी घरी काहीही विकत घ्यावे लागत नाही. अंजली भागवत यांची वाट तिथूनच सुरू झाली.

खारी हवा आणि पावसाळा

शहरातल्या खरेदी-मार्गदर्शकात हा मुद्दा नसतो, किनाऱ्यावर मात्र तो पहिला. वेळणेश्वरच्या हवेत मीठ आहे. ज्या हवेत खिडकीच्या गजांना आणि सायकलच्या साखळीला गंज चढतो, त्याच हवेत रायफलची नळी राहणार. जून ते सप्टेंबर दमटपणाची भर पडते.

उपाय सोपे, पण रोजचे. वापर झाला की घामाचे हात लागलेले धातूचे भाग कोरड्या कापडाने पुसून वर तेलाचा अगदी पातळ हात द्यायचा. नळीच्या आत उत्पादकाने सांगितल्याशिवाय तेल घालायचे नाही. रायफल कापडी पिशवीत गुंडाळून ठेवू नये. कापड ओल धरते. बंद पेटीत, ओल शोषणाऱ्या पुड्यांसह ठेवावी आणि त्या पुड्या पावसाळ्यात बदलत राहाव्यात. हवा भरण्याच्या पंपातही ओल शिरू नये, नाहीतर ती टाकीत जाते आणि आतून गंज चढतो. लाकडी दस्ता दमट हवेत फुगतो, म्हणून किनाऱ्यावर ॲल्युमिनियमचा किंवा कृत्रिम दस्ता सोयीचा. शिशाच्या छऱ्यांवर पांढरी भुकटी धरलेली दिसली तर ते छर्रे वापरू नयेत.

सुरक्षिततेचे कोणते नियम सोडायचे नाहीत?

साडेसात ज्यूलची रायफल सौम्य असते म्हणजे निरुपद्रवी नाही. डोळा जाऊ शकतो, जवळून जीवही जाऊ शकतो. म्हणून नळीचे तोंड नेहमी लक्ष्याकडे, बोट नेम धरेपर्यंत चापाबाहेर, आणि प्रत्येक रायफल भरलेलीच आहे असे समजून वागायचे. स्पर्धांमध्ये नळीत रंगीत दोरी घालून ती रिकामी असल्याचे दाखवतात. घरीही तीच सवय लावावी. डोळ्यांना चष्मा, लक्ष्यामागे छर्रा अडवणारी पेटी आणि तिच्यामागे भक्कम भिंत हवी. चिरे किंवा लोखंडी पत्रा मागे ठेवला तर छर्रा उलटून येतो.

छर्रे शिशाचे असतात. लहान मुलांच्या शरीरात शिसे जाण्याची सुरक्षित पातळी अशी काही नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट केले आहे. त्यामुळे छर्रे तोंडात धरणे, सरावाच्या जागी खाणे बंद. सराव संपला की साबणाने हात धुवायचे. जागा झाडूने न झाडता ओल्या कापडाने पुसायची. आणि घरी रायफल व छर्रे वेगवेगळ्या कुलपात, किल्ली मोठ्यांकडे. पाहुण्यांना ‘आमच्या पोराची बंदूक’ दाखवायची हौस सगळ्यात आधी आवरावी.

खर्च किती, आणि तो कोणी करायचा?

साध्या स्प्रिंगच्या रायफली काही हजारांत मिळतात. स्पर्धात्मक आयात रायफल काही लाखांत जाते. त्यावर नेमबाजीचे जाड जाकीट, पँट, बूट, हातमोजा, आणि वर्षभराचे छर्रे. छर्रे हा न दिसणारा खर्च सगळ्यात मोठा. रोज साठ छर्रे धरले, तर आठवड्याच्या सहा दिवसांत साडेतीनशेच्या वर जातात.

अमेरिकेत शालेय नेमबाजीने या प्रश्नावर एक वाट काढली आहे. तिथे नवशिक्यांसाठी ‘स्पोर्टर’ आणि अनुभवींसाठी ‘प्रिसिजन’ असे दोन वेगळे गट आहेत. पहिल्या गटात ठरावीक, साध्या आणि परवडणाऱ्या रायफलीच चालतात, जाड जाकिटे चालत नाहीत. ज्याच्या बापाकडे पैसा जास्त त्याचे गुण जास्त, असे होऊ नये हा हेतू. आपल्याकडे गावपातळीवर स्पर्धा सुरू करायची झाली, तर हा विचार उपयोगी आहे.

म्हणून पालकांसाठी क्रम असा असावा : आधी प्रशिक्षक आणि जागा, मग तीन-चार महिने दुसऱ्याच्या रायफलवर सराव, मग स्वतःचा हातमोजा आणि छर्रे, आणि सर्वांत शेवटी रायफल. मुलाची आवड टिकली नाही तर घरात पडून राहणारी सायकल निरुपद्रवी असते. पडून राहणारी एअर रायफल तशी नसते.

वेळणेश्वरसारख्या गावाने काय करावे?

खरी अडचण इथे आहे. मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे, पनवेलला सुमा शिरूर यांची अकादमी, पुण्यात बालेवाडी, कोल्हापुरात दुधाळीची रेंज. गुहागर तालुक्यातल्या मुलाला शाळा सांभाळून रोज यांपैकी कुठेही जाणे शक्य नाही. मग पालक घरीच एअरगन आणतात, मागच्या पडवीत पुठ्ठा टांगतात, आणि मुलाला चुकीच्या सवयी लागतात किंवा पुठ्ठ्याचा कंटाळा येऊन नेम झाडाकडे वळतो.

पण १० मीटर एअर रायफल हा मैदान न लागणारा खेळ आहे. पंधरा-सोळा मीटर लांबीची, एका टोकाला भक्कम भिंत असलेली, मध्ये कोणी शिरू शकणार नाही अशी खोली पुरते. शाळेचे जुने सभागृह किंवा ग्रामपंचायतीचा हॉल चालतो. पावसाळ्यात चार महिने मैदान बंद असणाऱ्या कोकणात तर हा गुणच. दोन सामायिक रायफली, एक हातपंप, टेकू, छर्रे अडवणाऱ्या पेट्या, कुलपाचे कपाट आणि जिल्हा व राज्य संघटनेकडून प्रशिक्षित एक शिक्षक, इतक्यात दहा-पंधरा मुलांची सुरुवात होते. एका कुटुंबाला न पेलणारी रायफल गावाला पेलते. शिवाय ती रात्री मुलाच्या खोलीत नसते, शाळेच्या कुलपात असते.

स्वप्नील कुसळेही क्रीडा प्रबोधिनीच्या वाटेने पुढे गेला. आधी प्रशिक्षणाची व्यवस्था आणि मग पदक, हा क्रम तिथेही दिसतो. त्यामुळे ‘पहिली रायफल कोणती’ या प्रश्नाचे कागदावरचे उत्तर साडेचार मिलिमीटरची, साडेसात ज्यूलच्या आसपासची, हलकी, दस्ता बदलता येणारी आणि धक्का नसलेली असे असले, तरी किनाऱ्यावरच्या गावासाठी त्याला आणखी एक अट जोडावी लागेल : शक्यतो ती एकट्या मुलाच्या मालकीची नसावी.